शिरगाव ते मालवण : मासळी मोजणाऱ्यांसोबत सहा दिवस

दिवस पहिला : आंबा घाट उतरून शिरगाव

कोल्हापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर एक कमान काढते. समुद्रात नौका वाढत जातात तशी जाळ्यात मिळणारी मासळी आधी वाढते, एका उंचीला पोहोचते आणि त्यानंतर नौका कितीही वाढवल्या तरी घसरू लागते. त्या उंचीला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात, एवढे सांगून मी पुढच्या प्रकरणाकडे वळत असे. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "पण मॅडम, पाण्याखालचे मासे मोजतं कोण?" मला तिचे समाधान होईल असे उत्तर देता आले नाही. माझी भाची तेव्हा रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणासाठी नुकतीच दाखल झाली होती. तिला फोनवर हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये आणि बघ." ते जाणे अखेर गेल्या नोव्हेंबरमध्ये घडले.

कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी साधारण साडेतीन-चार तासांची वाट आहे. ऑक्टोबरची काहिली सरली होती, घाटात धुके होते आणि साखरपा ओलांडल्यावर भाताची कापणी उरकलेली खाचरे दिसू लागली. दुपारी शिरगावला पोहोचले.

शिरगावचे मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. त्याची स्थापना १९८१ सालची, आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमही त्याच सालचा. ट्रॉलर, म्हणजे मागे पिशवीसारखे जाळे ओढत जाणाऱ्या यांत्रिक नौका, आणि किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष त्या काळी गोव्यापासून केरळपर्यंत पेटला होता आणि एकापाठोपाठ एक राज्ये असे कायदे करत होती. कायदा आणि तो राबवण्यासाठी लागणारी माहिती गोळा करू शकणारे शिक्षण एकाच वर्षी उभे राहावे, हा योगायोग असेल. मला मात्र त्यात काहीतरी उचित वाटले.

भाचीने पहिल्याच संध्याकाळी तिचे हत्यार दाखवले. हात-दीड हात लांबीची एक लाकडी फळी, तिच्या एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली आणि मधोमध मिलिमीटरच्या खुणा. माशाचे तोंड त्या उभ्या पट्टीला टेकवायचे, शेपटी सरळ करायची आणि आकडा वाचायचा. बांगड्यासारख्या दुभंगलेल्या शेपटीच्या माशाची लांबी दोन प्रकारे घेतात, एक शेपटीच्या टोकापर्यंत आणि दुसरी शेपटीच्या बेचक्यापर्यंत, आणि कोणती घेतली ते वहीत लिहिले नाही तर सगळी मेहनत फुकट जाते, हे तिने मला दोनदा बजावून सांगितले.

अशा भेटीची इच्छा असणाऱ्यांनी महाविद्यालयाकडे आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात बंदर पाहण्यात अर्थ नाही. बंद उघडल्यानंतरही समुद्र शांत होईपर्यंत नौकांचे येणे-जाणे अनियमित असते.

दिवस दुसरा : मिरकरवाड्याची पहाट आणि प्रयोगशाळेतली दुपार

पहाटे पाच वाजता मिरकरवाडा बंदरावर पोहोचलो तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता. त्या थंड वाऱ्यात डिझेल, बर्फ आणि ताज्या मासळीचा वास एकमेकांत मिसळला होता. नौका धक्क्याला लागत होत्या, खलाशी टबामागून टब वर देत होते आणि लिलावाची बोली इतक्या वेगाने चालली होती की शेजारी उभे राहूनही मला भाव कळत नव्हता. दालदी, खारवी, भंडारी अशा समाजांची माणसे या बंदरावर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. मासळी विकत घेणाऱ्या बायका टबात हात घालून कल्ल्याचा रंग पाहत होत्या. त्यांच्यापैकी एकीने भाचीला लांबूनच हाक मारली, "आलीस का गं मोजायला?" आणि स्वतःचा बांगड्यांचा टब तिच्यापुढे सरकवला.

भाचीने आधी कागदावरची एक यादी पाहिली. त्या दिवशी कोणत्या नौकांची मासळी तपासायची हे तिने घरूनच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, ठरवून आणले होते. सगळ्या नौका मोजणे शक्य नसते, म्हणून काही दिवस आणि त्या दिवसांतल्या काही नौका निवडायच्या आणि त्यांवरून महिन्याचा अंदाज बांधायचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभराच्या किनाऱ्यावर मासळीचा अंदाज काढते तोही याच तत्त्वावर, आणि विद्यार्थी त्याच पद्धतीचे धडे घेतात. निवड नशिबावर सोडण्यामागे कारण आहे. मोजणारा स्वतः निवडू लागला तर त्याचे पाय आपोआप भरलेल्या, ओळखीच्या, स्वच्छ नौकेकडे वळतात.

निवडलेली नौका ट्रॉलर होती. तिच्यातून राणी मासा, म्हाकूळ, वाकटी, ढोमी आणि कोळंबी उतरली आणि सर्वांत शेवटी एक वेगळा ढीग आला. बोटाएवढे मासे, चिरडलेले खेकडे, नाव सांगता येणार नाही अशी पिल्ले. तो ढीग लिलावात नव्हता. तो मासळीचे पीठ करणाऱ्या कारखान्याकडे जाणार होता. भाचीने त्यातले काही किलो वेगळे घेतले आणि एकेक मासा ओळखून मांडायला सुरुवात केली. पाऊण तासाने तिच्यासमोर बावीस छोट्या राशी होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक राशी अशा माशांच्या होत्या, ज्यांची मोठी भावंडे शेजारच्याच टबात चढ्या भावाने विकली जात होती.

नौकेचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, पन्नाशीचा माणूस, हे सगळे पाहत उभा होता. २०२३ साली राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, "बाई, जाळं वर येतं तेव्हा बारकं मासं मेलेलंच असतं. धक्क्यावर पट्टी लावून काय होणार? मी ते समुद्रात टाकलं तरी मेलेलं, इथं आणलं तरी मेलेलं." आकड्याचा राग त्याच्या बोलण्यात नव्हता. तो आकडा चुकीच्या जागी मोजला जातो आहे, एवढेच तो सांगत होता. सहा दिवसांत ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांत हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटले आणि पुढचे चार दिवस मी त्याचे उत्तर शोधत होते.

दुपारी प्रयोगशाळेत त्यातले अर्धे उत्तर मिळाले. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची वीण साधारणतः शंकरपाळ्याच्या आकाराची असते. जाळे ओढले की त्या ताणाने प्रत्येक आस, म्हणजे विणीतले भोक, लांबट होऊन मिटतो, म्हणजे कागदावर आस मोठा असला तरी पाण्यात तो बंदच असतो. तीच वीण फिरवून चौकोनी बांधली, तर ताण आसाच्या दोन बाजूंवरून सरळ जातो आणि मधली खिडकी उघडी राहते. लहान मासा जिवंत असताना, खोल पाण्यातच, तिथून निसटतो. हे खरेच घडते का हे पाहण्याची रीत साधी आहे. पिशवीवर बारीक विणीची दुसरी पिशवी चढवायची. आतली पिशवी जे सोडते ते बाहेरच्या पिशवीत अडकते, आणि दोन्हींतले मासे मोजले की किती लांबीच्या माशाला निम्मी सुटका मिळते ते कळते. सिंधुदुर्गात काही वर्षांपूर्वी किनारी जैवविविधतेचा जो प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चालला, त्यात मालवणच्या ट्रॉलरमालकांना अशी चौकोनी विणीची जाळी दिली गेली होती. तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर असे जाळ्यातच आहे. मात्र निसटणाऱ्या लहान माशांबरोबर काही विकाऊ कोळंबीही निसटते आणि तो तोटा पहिल्या दिवसापासून मालकाच्या खिशाला जाणवतो. फायदा मात्र पुढच्या हंगामात, तोही सगळ्यांमध्ये वाटला जाऊन मिळतो. एकट्या नौकेने जाळे बदलणे म्हणूनच कठीण असते आणि सगळ्यांवर सारखा नियम लागतो.

संध्याकाळपर्यंत भाचीबरोबर बसून मी बांगडे मोजले. लांबी घ्यायची, वजन करायचे, पोट चिरून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, काढायची, तिची अवस्था पाहायची आणि वेगळे वजन करायचे. खवय्यांची आवडती गाबोळी इथे माशाच्या वजनाच्या प्रमाणात लिहिली जाते आणि ते प्रमाण कोणत्या महिन्यात सर्वाधिक होते यावरून माशांच्या विणीचा, म्हणजे अंडी घालण्याचा, काळ कळतो. मग डोके चिरून ओटोलिथ, म्हणजे कानातला खडा, काढायचा. घोळ आणि ढोमीच्या जातीत हा खडा चांगला टपोरा असतो, बांगड्यात मात्र तो चिमट्यानेही सापडेना. झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वलये असतात. थंड देशांत हिवाळा-उन्हाळ्यामुळे ती वर्षागणिक स्पष्ट उमटतात, आपल्या उबदार समुद्रात ती तितकी स्पष्ट नसतात. काही माशांत दर दिवसाचे वलयही दिसते, हे १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून पिल्लांचे वय दिवसांत मोजता येऊ लागले.

पण वयाचा मुख्य आधार लांबीच आहे. दर महिन्याला शेकडो बांगडे मोजून कोणत्या लांबीचे किती याचा आलेख काढला तर त्यात उंचवटे दिसतात. एकाच सुमारास जन्मलेल्या माशांचा एक उंचवटा असतो. पुढच्या महिन्यात तो थोडा उजवीकडे सरकलेला असतो. तो किती सरकला यावरून वाढ कळते आणि किती खचला यावरून मृत्यूचे प्रमाण. त्या मृत्यूंपैकी किती निसर्गाने आणि किती जाळ्याने, हे वेगळे काढणे हाच सगळ्या शास्त्राचा गाभा. एक महिना चुकला तर उंचवट्याचा माग तुटतो. सणवार असो की परीक्षा, महिन्याची मोजणी चुकवत नाहीत ती यासाठी. माझ्या फळ्यावरची कमान अशा हजारो ओल्या, खवल्यांनी भरलेल्या आकड्यांवर उभी असते हे मला त्या दुपारी प्रथमच नीट कळले.

रात्री मुक्कामाच्या घरी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि तांदळाची भाकरी होती. दिवसभर ज्याची लांबी घेतली तोच मासा ताटात आला तेव्हा मी नकळत शेपटीचे बेचके शोधले.

बंदरावर जाणाऱ्यांनी न घसरणारी, पाण्याने धुता येतील अशी पादत्राणे घालावीत, लिलावाच्या रिंगणापासून दूर उभे राहावे आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये. पहाटेच्या त्या दोन तासांत तिथल्या माणसांची दिवसाची कमाई ठरत असते.

दिवस तिसरा : झाडगावचा सांगाडा आणि अवेळी पाऊस

सकाळी झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात गेलो. हे केंद्र १९५८ सालचे, म्हणजे महाविद्यालयाहूनही जुने, आणि आता विद्यापीठाचाच भाग आहे. तिथले मत्स्यालय आणि संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात. देवमाशाच्या भल्या मोठ्या सांगाड्याखाली उभी राहिलेली मुले मान वर करून मणके मोजत होती. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने त्यांना कासव आणि बहिरी मासा म्हणून ओळखला जाणारा देवमाशाएवढा शार्क यांच्याबद्दल सांगितले. हे प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते जाळ्यात अडकले आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यांना सोडून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, फक्त सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत हवी. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. मच्छीमाराच्या चांगुलपणावर सगळा भार न टाकता त्याच्या जाळ्याची किंमत ती ओळखते, आणि त्याच्या मोबाइलमधली चित्रफीत संशोधकांना कोणता प्राणी कुठे, कधी आला याची नोंदही देऊन जाते.

तिथल्या एका प्राध्यापकांशी तासभर बोलणे झाले. मी तारलीबद्दल विचारले, कारण कोल्हापूरच्या बाजारात ती कधी ढिगाने येते आणि कधी वर्षभर दिसत नाही. त्यांनी केरळचे उदाहरण दिले. तिथे २०१२ साली तारली चार लाख टनांच्या आसपास मिळाली होती आणि २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. "हे सगळं जाळ्यांनी केलं म्हणणं सोपं आहे," ते म्हणाले, "पण तारली पाण्याच्या तापमानाला, पावसाला आणि प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, फार हळवी आहे. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या, वर्षांत तिची वाढ खुंटते. अशा वेळी पिल्लं पकडली तर सावरायला वेळ लागतो. समुद्र आपल्या हातात नाही, जाळं आहे." इतक्या मोठ्या घसरणीचा दोष एकाच कारणावर न टाकण्याची त्यांची सावधगिरी मला आवडली, कारण वर्गात आपण नेमके उलटे करतो.

दुपारी पुन्हा मिरकरवाड्याकडे गेलो. मोकळ्या जागेत बायकांनी मासळी वाळत घातली होती. पश्चिमेकडे ढग जमले आणि कोणी काही म्हणायच्या आत नोव्हेंबरचा टपोरा पाऊस कोसळू लागला. आम्ही धावत जाऊन ताडपत्रीची टोके धरली. भाचीच्या वर्गातली तीन मुले मासळी टोपल्यांत भरत होती. वीस मिनिटांत पाऊस थांबला, पण जी मासळी भिजली तिचा भाव गेला तो गेलाच. ताडपत्री झटकताना एक आजी २०१९ च्या दिवाळीची आठवण सांगू लागल्या. क्यार वादळ आणि त्याच्या मागोमाग महा वादळ आले, नौका बंदराला बांधून पडल्या आणि ऐन हंगामातले दिवस बुडाले. मासेमारीचे दिवस कमी झाले की मासळीही कमी उतरते, आणि ते ध्यानात न घेता नुसते उत्पादनाचे आकडे पाहिले तर समुद्रात मासाच घटला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. भाचीच्या वहीत प्रत्येक नौकेपुढे ती किती तास जाळे ओढत होती याचा रकाना असतो, तो याचसाठी. आजींचे म्हणणे आणि वहीतला रकाना एकच गोष्ट सांगत होते.

दिवस चौथा : मालवणकडे

रत्नागिरीहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून एसटीने मालवण. गाडीत भाचीने पर्ससीनचा प्रश्न समजावून दिला. मोठे जाळे वेढा घालून टाकायचे, तळाची दोरी ओढून बटव्यासारखे मिटायचे आणि बांगडा किंवा तारलीचा आख्खा थवा एकाच वेळी उचलायचा, अशी ही पद्धत आहे. तिच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि त्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आणि मर्यादित परवाने ठरवण्यात आले. प्रखर दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये १९८१ चा कायदा सुधारून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या गेल्या. नियमांची ही चढती रांग ऐकताना मला तांडेलाचे वाक्य आठवत होते.

मालवणला संध्याकाळ होती. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे सूर्य उतरत होता आणि भोवतीच्या पाण्यात पद्मगडाचा खडक काळा दिसत होता. हा परिसर १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे. इथल्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि त्याच पाण्यावर मच्छीमारांचे पोटही आहे, त्यामुळे अभयारण्याला स्थानिकांचा विरोध दीर्घकाळ राहिला. तो विरोध मला समजू शकतो. वाडवडिलांपासून ज्या पाण्यात जाळे टाकले त्याच्या सीमा कोणी न विचारता आखल्या, तर आखणाऱ्याचे शास्त्र कितीही खरे असले तरी ते परके वाटते.

जेवायला सौंदाळ्याचे तिखले, सोलकढी आणि भात. मालवणला राहणाऱ्यांनी एखाद्या घरगुती खाणावळीत दुपारीच सांगून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी किनाऱ्यावर जे उतरले तेच ताटात येते. लहान पापलेट कोणी आग्रहाने वाढू लागले तर नम्रपणे नको म्हणावे. १३५ मिलिमीटर म्हणजे वितीपेक्षाही बरेच कमी, आणि पापलेटची मादी अंड्यांवर येते ती त्याहून पुष्कळ मोठी झाल्यावर. कायद्याचा आकडा ही शास्त्र आणि व्यवहार यांतली तडजोड आहे. ताटातला आकडा आपण त्याहून वर ठेवू शकतो. सप्टेंबर २०२३ पासून हाच मासा महाराष्ट्राचा राज्य मासाही आहे.

दिवस पाचवा : रापण

रापण रोज लागत नाही. वारा, पाण्याचा रंग, पक्ष्यांची हालचाल पाहून जाणती माणसे ठरवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर चौकशी करून ठेवावी. आमचे दैव चांगले होते. पहाटे होडी निघाली, तिने जाळ्याचा मोठा अर्धगोल पाण्यात सोडला आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरच्या दोन तुकड्यांच्या हाती आल्या. मग सुरू झाले ओढणे. चाळीसेक माणसे, त्यांत सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि शाळेचा गणवेश घातलेली दोन मुले, पावले वाळूत रुतवून एका लयीत मागे मागे सरकत होती. मीही दोरीला हात लावला. दहा मिनिटांत तळवे लाल झाले. दोन्ही टोके हळूहळू जवळ येतात, माणसे एकत्र येतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात चमकू लागते. तो क्षण येईपर्यंत पावणेदोन तास गेले होते.

जाळ्यात तारली, बांगडे, थोडे सौंदाळे आणि पुष्कळ बारीक मासळी होती. वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मला नको म्हणता आले नाही. पाच बांगडे माझ्या पिशवीत आले.

भाचीने फळी काढून मोजायला सुरुवात केली आणि सत्तरीचे ते आजोबा तिच्या शेजारी वाळूत येऊन बसले. तिने पन्नास बांगडे मोजून त्यांना सांगितले की यातले बरेचसे अजून एकदाही विणीला आलेले नाहीत. ती सरळ बोलली, रापण पारंपरिक आहे म्हणून तिने आकडा लपवला नाही. किनाऱ्याजवळचे उथळ पाणी हे अनेक माशांच्या पिल्लांचे वाढण्याचे ठिकाण असते आणि बारीक आसाची रापण तिथेच ओढली जाते. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्यो आकडो बरो आसा, पण तो माका जाळ्यात दाखवा. मोजूक खूप जण इले. परत सांगूक कोण इलो नाय."

भाचीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या रापणीचे आकडे वर्षभर मिळाले तर मी परत येऊन दाखवीन. पण मी महिन्यातून एकदाच येऊ शकते, आणि मी येते त्या दिवशी रापण लागतेच असं नाही." आजोबांनी तिच्या हातातली फळी घेतली, उलटसुलट करून पाहिली, एक बांगडा तिच्यावर ठेवला आणि आकडा वाचून दाखवला. चष्मा नव्हता, तरी आकडा बरोबर होता. पुढचा अर्धा तास दोघे बोलत बसले. पूर्वी कोणत्या महिन्यात कोणता मासा किनाऱ्याला लागे, मोठा बांगडा कोणत्या वाऱ्याबरोबर येई, पिल्लांचा थवा पाण्यावर कसा ओळखू येतो, हे सगळे आजोबा सांगत गेले आणि भाची लिहीत गेली. ट्रॉलरवरच्या मोजणीत हे पाणी येतच नाही. रापण, होडी, लहान गिलनेट (पाण्यात उभे सोडलेले, माशाला कल्ल्यापाशी अडकवणारे जाळे) यांची मासळी बहुधा मोठ्या बंदरावर उतरत नाही, किनाऱ्यावरच वाटली जाते, आणि त्यामुळे विद्यापीठाच्या वहीत तिचे पान बहुधा कोरे राहते. निघताना भाचीने ती फळी आजोबांपाशीच ठेवली. स्वतःसाठी शिरगावला ती दुसरी करून घेणार होती.

दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेले बांगडे. वाट्याचे पाचही बांगडे मी खाल्ले नाहीत. दोन, जे फारच लहान होते, भाचीने नमुना म्हणून बर्फात घालून घेतले.

दिवस सहावा आणि त्यानंतर

भाची सकाळच्या गाडीने शिरगावला परतली आणि मी कणकवलीमार्गे फोंडा घाटाने कोल्हापूरला. वाटेत सांगण्यासारखे काही घडले नाही.

डिसेंबरमध्ये मी वर्गात कमान काढली तेव्हा आधी बांगड्यांच्या लांबीचे उंचवटे काढले, आणि कमान शेवटी. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता ती आता दुसऱ्या शहरात शिकते. तिला मी पत्राने सविस्तर उत्तर पाठवले.

जानेवारीत भाचीचा फोन आला. मालवणच्या आजोबांच्या नातवाने मोबाइलवर छायाचित्रे पाठवायला सुरुवात केली होती. वाळूत ठेवलेली फळी, फळीवर बांगडा आणि शेजारी कागदावर तारीख. पहिल्या सगळ्या छायाचित्रांत आकडा शेपटीच्या टोकापाशी वाचला होता. भाचीने फोन करून बेचके म्हणजे काय ते समजावले आणि दोन्ही लांबी लिहायला सांगितले. पुढच्या आठवड्यात आलेल्या छायाचित्रात आजोबांच्या अंगठ्याचे नख शेपटीच्या बेचक्यात टेकलेले होते, आणि कागदावर तारखेखाली दोन आकडे होते.